औषधी भुकटीची धूळ आणि कामावरचा दमा

अणदूरच्या खंडोबाची रीत जिल्ह्याबाहेरच्या माणसाला सांगितली की तो चकित होतो. देव एकच, पण त्याचे मुक्काम दोन. सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपूरला. देव निघतो, देव येतो, येळकोटाचा गजर होतो आणि भंडाऱ्याने सारा आसमंत पिवळा होऊन जातो. भंडारा म्हणजे हळदीची पूड. मोकळ्या माळावर ती वाऱ्याबरोबर काही क्षणांत विरून जाते. गर्दीतल्या एखाद्याला शिंक येते, एखाद्या जुन्या दमेकऱ्याला खोकल्याची उबळ येते. बाकीच्यांना काही होत नाही.

आता अशीच एखादी पूड दहा बाय बाराच्या बंद खोलीत आठ तास उडत आहे, आठवड्याचे सहा दिवस उडत आहे आणि तिथे कोणीतरी मान खाली घालून चाळणी मारत बसले आहे, असे चित्र डोळ्यांसमोर आणा. पूड हळदीची नसेल, सोनामुखीची असेल, ज्येष्ठमधाची असेल किंवा इसबगोलाची असेल. वनस्पती औषधी आहे, मग तिच्यापासून अपाय कसा होईल, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. या प्रश्नाचे उत्तर समजून घेणे हाच आजच्या लेखाचा हेतू आहे.

एक उदाहरण

समजण्यासाठी एक प्रसंग कल्पू. पंचेचाळीस वर्षांच्या एक मावशी काष्ठौषधींच्या कांडपात कामाला आहेत. डंकावर कुटलेली मुळे चाळायची, वस्त्रगाळ करायची आणि पुड्या बांधायच्या, हे त्यांचे काम. पहिली दोन वर्षे काही त्रास नाही. तिसऱ्या वर्षी सकाळी कामावर बसले की शिंका सुरू होतात, नाक गळते, डोळे खाजतात. "थंडी बाधली" म्हणून त्या काढा घेतात. पुढे रात्री खोकला येऊ लागतो, पहाटे छातीत घरघर होते. डॉक्टरांकडून खोकल्याचे औषध होते, दोनदा प्रतिजैविकांचा कोर्स होतो. तात्पुरते बरे वाटते आणि पुन्हा तेच.

शेवटी एक डॉक्टर विचारतात, "मावशी, कामावर नसता तेव्हा कसं असतं?"

मावशी आठवून सांगतात, "नवरात्रात आठ दिवस लेकीकडं तुळजापूरला होते बघा. तवा खोकला काही आलाच नाही."

या एका वाक्यात निदानाची किल्ली आहे. खोकला थंडीचा असता तर तो तुळजापूरलाही आला असता.

दमा म्हणजे नेमके काय होते?

आपल्या श्वासनलिका झाडाच्या फांद्यांसारख्या एकातून एक फुटत फुप्फुसात पसरलेल्या असतात. दम्यामध्ये या नलिकांच्या आतल्या अस्तराला सूज येते, भोवतीचे स्नायू आवळले जातात आणि आत चिकट कफ साठतो. नळी अरुंद झाली की हवा आत-बाहेर करताना शिटीसारखा आवाज येतो. यालाच आपण घरघर म्हणतो.

ॲलर्जी ही शरीराच्या संरक्षण यंत्रणेची गैरसमजूत आहे. निरुपद्रवी प्रथिनाला ती शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध 'आयजीई' नावाची प्रतिपिंडे तयार करते. हे काम गुपचूप चालते. त्याला काही आठवडे लागतात, कधी काही वर्षेही लागतात. या काळात माणसाला काहीही जाणवत नाही. एकदा तयारी पूर्ण झाली की तोच कण पुन्हा नाकात शिरताच शरीरातल्या पेशी हिस्टामिन व इतर रसायने सोडतात आणि शिंका, खाज, सूज, धाप सुरू होते. "इतकी वर्षे काम करतोय, आत्ताच कशी ॲलर्जी होईल?" असे पुष्कळ जण विचारतात. उत्तर असे की, ती इतकी वर्षे काम केल्यामुळेच झाली.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे चूर्ण वस्त्रगाळ असणे हा त्याचा गुण मानला जातो आणि औषध म्हणून ते योग्यही आहे. पण धुळीचा नियम उलटा आहे. जाड कण नाकातच अडकतात. कण जितका बारीक, तितका तो छातीत खोल जातो. जे चूर्ण पोटासाठी उत्तम, तेच उडाले तर श्वासासाठी जास्त त्रासाचे असते.

हा रोग नवा नाही

इटलीतील बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला नेहमीच्या प्रश्नांबरोबर "तू काम काय करतोस?" हेही विचारावे, असा आग्रह त्याने धरला. औषधे कुटणाऱ्यांना होणाऱ्या त्रासाचीही त्याने दखल घेतली होती.

इपिकॅक ही दक्षिण अमेरिकेतील वनस्पती. तिचे मूळ एके काळी उलटी होण्यासाठी आणि आमांशावर जगभर वापरले जाई. ते मूळ कुटताना औषधविक्रेत्यांना धाप लागते, हे युरोपातील डॉक्टरांना फार पूर्वीच माहीत झाले होते.

एरंडाचे उदाहरण आपल्याला जवळचे वाटेल. १९२८ साली अमेरिकेतील टोलेडो शहरातल्या एका एरंडेल गिरणीच्या आसपास राहणाऱ्या लोकांमध्ये दम्याचे अनेक रुग्ण आढळले. वारा गिरणीकडून आला की दमा उठे. ॲलर्जी करणारे प्रथिन तेलात नसते, ते पेंडीत राहते. म्हणून शेतात एरंडीची पेंड टाकताना वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे आणि पेंडीची रिकामी पोती घरात झटकू नयेत. एरंडीच्या पोत्यांतून नंतर कॉफीच्या बिया भरल्यामुळे कॉफीच्या कामगारांना एरंडीची ॲलर्जी झाल्याचेही वैद्यकीय नोंदींत आहे.

सर्वांत चांगला अभ्यास झाला तो इसबगोलाचा. गुजरात व राजस्थानात पिकणारा हा इसबगोल बद्धकोष्ठावर घरोघरी घेतला जातो आणि तो जगभर निर्यात होतो. कॅनडातील संशोधकांनी १९८७ साली इसबगोलाचे औषध बनविणाऱ्या कारखान्यात आणि १९९० साली रुग्णांना ते औषध देणाऱ्या परिचारिकांमध्ये तपासणी केली. दोन्ही ठिकाणी शंभरात साधारण तीन ते चार जणांना इसबगोलाच्या धुळीने दमा झाल्याचे आढळले. परिचारिका तर फक्त डब्यातून चमच्याने भुकटी काढून पाण्यात ढवळत होत्या. ऑस्ट्रेलियातील एका कारखान्यातही १९९१ साली इसबगोल व सोनामुखी यांच्या बाबतीत असेच दिसून आले. दक्षिण कोरियात पारंपरिक वनौषधी हाताळणाऱ्यांमध्ये अशा नोंदी आहेत, तसेच ज्येष्ठमधाच्या मुळांच्या धुळीनेही दमा झाल्याची नोंद आहे.

दमा प्रौढ वयात सुरू झाला असेल, तर अशा सहा-सात रुग्णांपैकी साधारण एकाच्या दम्यात कामाच्या ठिकाणचा वाटा असतो, असा जगातील अनेक अभ्यासांचा निष्कर्ष आहे. आपल्याजवळ सोलापुरात सुताच्या गिरण्यांचा आणि विड्यांचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. कापसाच्या आणि तंबाखूच्या धुळीने छाती बिघडते हे तिथल्या कामगारांना सांगावे लागत नाही. औषधी वनस्पतींच्या बाबतीत मात्र 'औषध' या शब्दामुळेच आपण बेसावध राहतो.

सगळा त्रास ॲलर्जीचा नसतो

तिखट कुटताना ठसका लागतो, सुंठ-पिंपळीची पूड नाकात गेली की शिंका येतात. हा तिखटपणाचा झोंबणारा परिणाम आहे. तो सर्वांनाच होतो आणि धूळ बसली की थांबतो. खाजकुयलीच्या शेंगेवरची लव अंगाला लागली तर कोणालाही खाज सुटते. तीही ॲलर्जी नव्हे.

बिब्ब्याचे तसे नाही. 'बिबा उतला' हा शब्दप्रयोग आपल्याला ठाऊक आहेच. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजतेही आणि त्याची ॲलर्जीही होते. विदर्भ-मराठवाड्याच्या काही भागांत गोडंबीसाठी बिबे फोडणाऱ्या स्त्रियांचे हात त्यामुळे काळे पडतात, सोलतात. गाजर गवत हे दुसरे उदाहरण. आपल्या देशात त्याची नोंद १९५६ साली पुण्यात झाली आणि पुढे त्याच्या स्पर्शाने चेहरा, मान व हात यांवर होणारा चिवट इसब डॉक्टरांना दिसू लागला. रानातून आणलेल्या औषधी पाल्यात हे गवत मिसळलेले असेल, तर दोष औषधी वनस्पतीला जातो आणि खरा गुन्हेगार सुटतो. म्हणून माल निवडतानाच गाजर गवत वेगळे काढावे, तेही हातमोजे घालून.

तिसरा प्रकार बुरशीचा. ओलसर मुळे पोत्यात कोंडून ठेवली की त्यांना बुरी येते. अशी पोती उघडल्यावर चार ते आठ तासांनी थंडी वाजून ताप, कोरडा खोकला आणि धाप होत असेल, तर तो बुरशीच्या कणांनी फुप्फुसाला आलेला दाह असू शकतो. तो वारंवार फ्लू झाल्यासारखा वाटतो आणि दुर्लक्ष झाले तर फुप्फुस कायमचे कडक होते.

आपणच विचारून पाहावेत असे प्रश्न

१. सुटीच्या दिवशी, गावाला गेल्यावर त्रास कमी होतो का?
२. कामावर परतल्यावर तो पुन्हा सुरू होतो का?
३. दमा येण्याआधी काही महिने शिंका, नाक गळणे, डोळे खाजणे होते का?
४. एखाद्या ठरावीक मालाच्या दिवशी त्रास जास्त होतो का?
५. त्याच खोलीत काम करणाऱ्या आणखी कोणाला असे होते का?

यात एक फसगत आहे. ॲलर्जीचा झटका नेहमी लगेच येतो असे नाही. पुष्कळदा तो चार ते आठ तासांनी, म्हणजे घरी गेल्यावर संध्याकाळी किंवा रात्री येतो. मग माणूस रात्रीच्या गारव्याला दोष देतो आणि दुपारची धूळ विसरतो. शिवाय रोग जुना झाला की एका दिवसाच्या सुटीने फरक पडत नाही, आठ-पंधरा दिवस दूर राहावे लागते.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर आधी क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करून घ्यावी. ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. दम्याचा संशय आहे म्हणून ती टाळू नये.

तपासणी कशी होते?

पीक फ्लो मीटर नावाची एक साधी प्लास्टिकची नळी मिळते. तिच्यात जोराने फुंकर मारली की श्वासाचा वेग काट्यावर दिसतो. दिवसातून चार वेळा फुंकून आकडे वहीत लिहावेत. निदान दोन ते चार आठवडे, कामाचे आणि सुटीचे असे दोन्ही दिवस त्यात यावेत. कामाच्या दिवसांत आकडे घसरत असतील आणि सुटीत चढत असतील, तर ती वही डॉक्टरांसाठी मोठा पुरावा ठरते. म्हणूनच ही नोंद काम सोडण्याआधी व्हायला हवी. मात्र त्रास तीव्र असेल, तर नोंदीसाठी धुळीत थांबू नये.

स्पायरोमेट्री, त्वचेवरील ॲलर्जी चाचणी व रक्तातील आयजीईची तपासणी मोठ्या रुग्णालयात होते. आपल्या भागातील रुग्णांना त्यासाठी सोलापूरचे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडते. संशयित चूर्ण हुंगून पाहण्याचा प्रयोग घरी कधीही करू नये. त्याने जिवावर बेतू शकते.

तशीच दुसरी सूचना खाण्याबद्दल. ज्यांना इसबगोलाच्या धुळीची ॲलर्जी झाली आहे, अशा काही परिचारिकांना पुढे इसबगोल असलेले पदार्थ खाल्ल्यावर अंगावर पित्त उठणे, घसा सुजणे, रक्तदाब उतरणे अशी गंभीर लक्षणे झाली. तेव्हा ज्या वनस्पतीच्या धुळीने दमा झाला आहे, ती पोटात घेऊ नये आणि प्रत्येक डॉक्टर-वैद्यांना हे आवर्जून सांगावे. ज्यांना अशी ॲलर्जी नाही त्यांनी इसबगोल घेण्यास भिऊ नये.

धूळ कमी कशी करावी?

तोंडाला फडके बांधणे हा सर्वांना सुचणारा पहिला उपाय आहे. खरे तर तो शेवटचा आहे. पदर किंवा रुमाल जाड कण अडवतो, बारीक कण त्यातून सहज जातात. एन-९५ प्रकारचा मास्क नाकाला नीट चिकटून बसला तर उपयोगी पडतो. पण धूळ उडूच न देणे हे सर्वांत चांगले. त्यासाठी कांडपाच्या मालकांना करता येण्यासारख्या गोष्टी अशा:

डंक व चाळणीला झाकण आणि कापडी बोहोरा बसवावा. चूर्ण पडते तिथेच धूळ ओढून बाहेर टाकणारा पंखा लावावा. छताचा पंखा धूळ खोलीभर फिरवतो, म्हणून तो चाळणीजवळ नको. कोरड्या झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावे. पोती उंचावरून रिती करू नयेत. कुटण्याची खोली आणि पुड्या बांधण्याची खोली वेगळी ठेवावी. माल कडक वाळवून कोरड्या जागी ठेवावा. मोकळ्यावर उफणणी करताना वारा पाठीकडून येईल असे उभे राहावे.

कामगारांनी कामाचे कपडे वेगळे ठेवावेत, घरी जाण्यापूर्वी हात-तोंड धुवावे आणि धुळीचे कपडे लेकराबाळांच्या अंथरुणावर टाकू नयेत. विडी-सिगारेट सोडावी. धूर आणि धूळ मिळून छातीचे नुकसान वाढवतात.

औषधोपचार आणि गैरसमज

दम्याच्या उपचारात श्वासावाटे घ्यायची औषधे, म्हणजे पंप, हाच आज मुख्य आधार आहे. "पंपाची सवय लागते" हा गैरसमज आहे. पंपातील सूज कमी करणारे औषध अत्यल्प मात्रेत थेट श्वासनलिकेत जाते आणि ते रोज घ्यावे लागते. बरे वाटले म्हणून मनानेच बंद करू नये. आत काय आहे हे न सांगता दिलेल्या 'दम्याच्या पुड्या' घेऊ नयेत. बोलताना वाक्य पुरे होत नसेल, ओठ-नखे निळसर दिसत असतील किंवा पंपाने आराम पडत नसेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

यात वनस्पतींची निंदा नाही. दम्यावरचे क्रोमोग्लायकेट हे औषध खेल्ला नावाच्या वनस्पतीतील द्रव्याच्या अभ्यासातूनच निघाले. वनस्पती गुणकारी आहेत. पण गुण मात्रेवर आणि मार्गावर अवलंबून असतो. चमचाभर चूर्ण कधीतरी पोटात जाणे वेगळे आणि रोज श्वासातून छातीत जाणे वेगळे.

मग काम सोडायचे का?

हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. ज्या घरात त्याच मजुरीवर चूल पेटते, तिथे "काम सोडा" म्हणणे सोपे नाही. पण वैद्यकीय वस्तुस्थितीही लपवता येत नाही. एकदा ॲलर्जी पक्की झाली की चिमूटभर धूळही पुरते. नुसता पंप घेत त्याच धुळीत बसणाऱ्याचा दमा वाढत जातो. धुळीपासून पूर्ण दूर गेलेल्यांपैकीही साधारण एक तृतीयांश रुग्णच पूर्णपणे लक्षणमुक्त होतात, बाकीच्यांचा त्रास कमी होतो पण राहतो. लवकर निदान होऊन लवकर दूर झालेल्यांना बरे होण्याची संधी जास्त असते. म्हणून इथे प्रत्येक महिन्याला किंमत आहे.

काम सोडणे हा एकच मार्ग असतो असेही नाही. ज्या मालाची ॲलर्जी आहे तो नसलेल्या ठिकाणी, वेगळ्या खोलीत, हिशेबाचे, निवडण्याचे किंवा बाटल्या भरण्याचे काम देता येते. मालकाने ते द्यावे, कारण अनुभवी हात गमावणे त्यालाही परवडत नाही. कामगार नुकसानभरपाई कायदा, १९२३ च्या तिसऱ्या परिशिष्टात कामातील ॲलर्जीकारक पदार्थांमुळे होणारा दमा व्यावसायिक रोग म्हणून नोंदलेला होता. नोव्हेंबर २०२५ पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० खाली आला असून तिच्यातही व्यावसायिक रोगांची यादी आहे. म्हणून हजेरीचा पुरावा, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे कागद आणि पीक फ्लोची वही जपून ठेवावी.

अणदूर हे गाव आरोग्याच्या क्षेत्रात अपरिचित नाही. येथील हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातल्या साध्या स्त्रियांना शिकवून 'भारतवैद्य' तयार केल्या आणि गावातली बाईच गावाच्या आरोग्याची पहिली राखणदार होऊ शकते हे दाखवून दिले. आज गावोगाव आशा कार्यकर्त्या आहेत. खोकणाऱ्या माणसाला त्यांनी आणि आपण सर्वांनी दोनच प्रश्न विचारावेत. काम काय करता? आणि कामावर नसता तेव्हा कसे वाटते?

आपल्या उदाहरणातल्या मावशींना हे प्रश्न तिसऱ्या वर्षीच, पहिल्या शिंकांच्या वेळी कोणी विचारले असते, तर कदाचित त्यांच्यावर रात्री उशीला टेकून बसून काढण्याची वेळ आली नसती.